आपण नसतानाही चालणारं गाव

लिफ्टवाल्याचा एकाच उपायावर गाढ विश्वास होता: बंद करून पुन्हा चालू करा. अडकलेली लिफ्ट असो, रुसलेला मिक्सर असो की तापलेला साडू, तो आधी बटण शोधायचा. लिफ्टला हा उपाय पुष्कळदा लागू पडायचा, म्हणून तर लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत त्याचं नाव होतं. ज्या वेळी लागू पडत नसे, त्या वेळी त्याचा जोडीदार जिने चढून वर जायचा आणि खरा बिघाड काढायचा. ही दुसरी बाजू लिफ्टवाल्याच्या फारशी लक्षात राहत नसे.

घरी टीव्हीला जोडलेल्या गेममध्ये त्याने नदीकाठी एक गाव वसवलं होतं. कामावरून आल्यावर पाय टेबलावर ठेवून तो थोडा वेळ गावाचा कारभार बघायचा. आणि नवल असं, की संध्याकाळी सोडलेलं गाव दुसऱ्या संध्याकाळी नेहमी जास्त सुधारलेलं दिसायचं. कोठारं भरलेली, विहिरीला कठडा, कालच्या मरतुकड्या मेंढ्या धडधाकट.

"नियोजन असं पाहिजे, की आपण नसतानाही गाव चाललं पाहिजे," असं तो डबा खाताना सगळ्यांना ऐकवायचा.

"गेम बंद केला की सगळंच बंद असतं हो," जोडीदार म्हणाला.

"तुझं असेल," लिफ्टवाला म्हणाला.

ही कीर्ती मोठ्या साहेबांपर्यंत गेली. साहेब स्वतः तोच गेम खेळायचे आणि त्यांचं गाव दर हिवाळ्यात उपाशी मरायचं. त्यांनी मोबाइलवर लिफ्टवाल्याच्या गावाचे फोटो बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले, आणि रविवारी घरी येऊन गाव डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. सुपरवायझरची जागा रिकामी आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. लिफ्टवाल्याने त्याच संध्याकाळी आरशासमोर उभं राहून थोडं सुपरवायझरसारखं बघून घेतलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात गेमचा पॅच, म्हणजे सुधारित आवृत्ती, आला. नवे पूल, नवे कालवे, नव्या पाणचक्क्या! खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की जुनी गावं चालू राहतील, पण हे वैभव हवं असेल तर खेळ पहिल्यापासून सुरू करावा.

जोडीदाराने फोनवर सल्ला दिला, की चालतंय ते चालू द्यावं. बायकोने, साहेबांना पूल आवडतो की गाव, एवढंच विचारलं. खरी आश्चर्याची गोष्ट म्हणजे सासूबाई बोलल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे मुक्कामाला होत्या आणि दिवसभर घरात एकट्याच असायच्या. या खेळाबद्दलचं त्यांचं मत जगजाहीर होतं: मिशीवाल्या माणसाने भातुकली मांडलीय.

"जावईबापू, जुनं गाव कुठं तरी राहील ना?" त्यांनी विचारलं.

"कशाला? दोन गावं म्हणजे दोन घोळ. पुसून टाकायचं. ज्याच्या हाताला गुण आहे त्याला पुन्हा उभं करायला कितीसा वेळ लागतो?"

"माणसं होती हो त्यात," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जावयाने बटण दाबलं.

नवं गाव उभं राहिलं ते गोगलगायीच्या चालीने आणि बसलं ते लिफ्टच्या चालीने. पूल देखणा झाला, पण त्यावरून येणाऱ्यांपेक्षा जाणारेच जास्त. कोठारात उंदीर, विहिरीत चिखल. तो रोज गेम बंद करून निश्चिंत झोपायचा, कारण उद्यापर्यंत नियोजन आपलं काम करणारच होतं. दुसऱ्या दिवशी गाव होतं तसंच उपाशी असायचं. इकडे सासूबाईंचा गुडघा पुन्हा ठणकायला लागला, जेवण जाईना. डॉक्टरांना गुडघ्यात काही सापडलं नाही.

शनिवारी तो दुपारीच घरी आला. दार लोटलेलं होतं, आतून सासूबाईंचा दरडावणीचा आवाज येत होता. दुखरा पाय स्टुलावर, कंट्रोलर हातात, नजर टीव्हीवर.

"मेल्यांनो, आधी धान्य वर उचला. पूल काय चाटायचाय?"

लिफ्टवाला बूट न काढता तसाच उभा राहिला. इतक्या दिवसांचं सगळं नियोजन त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं: कोठारं, कठडा, मेंढ्या. सासूबाईंनी मागे पाहिलं. त्यांचा चेहरा डब्यातलं गोड चोरताना सापडलेल्या मुलीसारखा झाला.

"उपाशी होती हो माणसं," त्या म्हणाल्या. "बघवेना. कुठं बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?" तो घाईने म्हणाला.

तह झाला. त्यांनी भातुकलीला नावं ठेवायची नाहीत, त्याने भातुकली कोणाची हे सांगायचं नाही. रविवार दुपारपर्यंत सासूबाईंनी गाव असं सावरलं, की पुलावरून माणसं परत यायला लागली.

साहेब आले, बसले, बघून खूश झाले, आपलं गाव दर हिवाळ्यात मरतं म्हणून हळहळले. मग त्यांनी विचारलं, "कोठार इतक्या लांब, टेकडीवर का बांधलंत?"

लिफ्टवाल्याने घसा साफ केला. "तिथून देखावा छान दिसतो."

साहेब मान डोलावणार होते. पण सासूबाईंना खोटं एक वेळ चालायचं, चुकीचं उत्तर सहन होत नसे.

"देखाव्यासाठी नाही हो," आतल्या खोलीतून आवाज आला. "पावसाळ्यात नदी चढली की खालचं धान्य भिजतं. तुमचं गाव दर हिवाळ्यात मरतं ते त्यामुळेच."

साहेब खुर्ची उचलून आतल्या खोलीत गेले. निघताना त्यांनी लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपण नसताना काम कोण करतं, हे सुपरवायझरला माहीत असावं लागतं."

जागा जोडीदाराला मिळाली.

आता साहेब दर रविवारी येतात. परवा नवा पॅच आला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं का, यावर त्यांनी आणि सासूबाईंनी बराच वेळ खल केला. लिफ्टवाल्यालाही विचारलं. म्हणजे, चहा झाला का म्हणून.