बेडकासाठी दहा मिनिटं

चांगलं काम करणाऱ्या माणसाला वेळीच आवरलं नाही, तर तो ते काम पुरं करून बसतो. तसं होऊ नये म्हणून आपल्या समाजाने सत्कार नावाची सोय करून ठेवली आहे. तिला खर्च फार येत नाही. सत्कारमूर्तीला तक्रारही करता येत नाही, कारण त्याचे दोन्ही हात नारळांत गुंतलेले असतात.

कुंडलचा शिवतेज या सोयीपासून बरीच वर्षं दूर राहिला. जीवशास्त्र शिकलेला हा गडी जंगली प्राण्यांचा अभ्यास करी आणि त्यांचे फोटो काढी, तेही कुणाच्या पगारावर नाही. बोर्निओत, काँगोत, जिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही अशा रानांत त्याने जळवांना पोटभर रक्त पाजलं. (गावात त्याच्याविषयी ‘जंगलखात्यात चिकटेल’ असा समज होता. लग्नाच्या बायोडाटात तर तो चिकटलाही होता.) यंदा मात्र त्याला आपल्याच कोयनेच्या वरच्या अंगाला, सदाहरित रानातल्या एका ओढ्यात, नखाएवढा नवाच बेडूक सापडला. त्या ओढ्याबाहेर तो जगात कुठेही नाही. आणि डोंगरमाथ्यावरच्या रिसॉर्टचा रस्ता नेमका त्याच ओढ्यावरून जायचा होता.

रस्ता थांबवणं बांधकाममंत्री राजवर्धनदादांच्या हातात होतं. शिवतेज त्यांच्या कचेरीत वरचेवर जाई आणि दादा दर वेळी कुणाच्या तरी सत्काराला गेलेले असत. तेव्हा त्याचे धाकटे चुलते लालासाहेब, जे गावच्या सत्कार समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी सुचवलं की तुझाच सत्कार ठेवू, म्हणजे दादा आयतेच भेटतील. तर्कात खोट नव्हती. शिवतेजने एकच अट घातली. बेडकाचे फोटो पडद्यावर दाखवायला आणि तो ओढा का वाचवायचा हे सांगायला दहा मिनिटं हवीत. समितीने अट एकमताने मंजूर केली.

मग चौकात फ्लेक्स लागला. शुभेच्छुक चव्वेचाळीस, पैकी गॉगल लावलेले एकोणचाळीस. खाली कोपऱ्यात सत्कारमूर्ती. बेडकाच्या जागी वाघ होता. फ्लेक्सवाल्याकडे वाघ तयार होता, आणि बेडूक लावला तर लोकांना भातावरच्या औषधाची जाहिरात वाटेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

कार्यक्रम वेळेवर, म्हणजे दोन तास उशिरा सुरू झाला. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, मग परिचय करून देणाऱ्यांचा परिचय झाला (ते न झाल्यामुळे मागे एकदा भाऊबंदकी झाली होती). त्यानंतर शाली सुरू झाल्या. पतसंस्थेची, तालमीची, माजी सैनिकांची, ज्यांनी सैन्यात जायचं ठरवलं आहे त्यांची. मे महिना होता. काँगोत तापाने फणफणलेला असताना न डगमगलेला शिवतेज अकराव्या शालीला डोलू लागला. शालींच्या आत त्याने लॅपटॉप घट्ट धरून ठेवला होता. घड्याळाकडे पाहता पाहता त्याला खरोखरच रडू फुटलं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

त्याची आई बनुबाई पहिल्या रांगेत होती. तिला ते टाळ्यांचं रडू वाटलं नाही. ती उठून लालासाहेबांना म्हणाली, “आवं भावजी, पोराला जरा बोलू द्या की. त्या बेडकापायी धड जेवत न्हाई त्यो.”

“वैनी, त्याच्यासाठीच तर चाललंय समदं,” लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी बारावी शाल पुढे केली.

ती दादांच्या हस्ते होती. फोटोसाठी दोघे चिकटून उभे राहिले, तेवढ्यात शिवतेज त्यांच्या कानात म्हणाला, “दादा, ओढ्यावरचा त्यो रस्ता तेवढा…”

“हाय माझ्या ध्यानात,” दादा म्हणाले.

शिवतेजचा जीव भांड्यात पडला. दादा माईकपाशी गेले, तासभर स्वतःविषयी बोलले आणि शेवटी रस्त्यावर आले.

“आपल्या पोरानं एवढ्याशा बेडकापायी भागाचं नाव जगात नेलं. म्हणून त्या रस्त्याला आमी शिवतेजचंच नाव देतोय. आन् आता एकपदरी न्हाई, दुपदरी करणार. मान्सानं मोटारीतनं उतरलं की म्होरं बेडूक दिसला पायजे.”

लोक उभे राहिले. शिवतेजही उभा राहिला, कारण त्याला खांद्याला धरून उभं करण्यात आलं. त्याची दहा मिनिटं वेळेअभावी पुढच्या सत्कारासाठी राखून ठेवण्यात आली, आणि जेवणाची घोषणा झाली.

त्या दिवशी सातशे माणसं जेवून गेली, आणि त्या बेडकाचं नाव काय, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. सुजाण वाचकाला याची चीड येईल, आणि येणं योग्यच आहे. फक्त तुम्हीही फ्लेक्सपासून बाराव्या शालीपर्यंत सगळं वाचत आलात, जेवणाच्या घोषणेपर्यंत पोहोचलात, आणि नाव मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.