सत्तावीस देश आणि साडेअकराचं जेवण

नरसिंहरावांचं पान साडेअकराला वाढलं गेलंच पाहिजे, हे बंगळूरच्या एचएसआर लेआउटातल्या त्यांच्या गल्लीत भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. सरकारी कचेरीत असताना ते साडेअकराला डबा उघडत. पुढे निवृत्त झाले, कचेरी सुटली, पण वेळ काही सुटली नाही. एकुलत्या एका मुलीच्या, सौम्याच्या लग्नाला नेमका पावणेबाराचा मुहूर्त निघाला, तेव्हा त्यांनी भटजींपुढे पंचांग आपटून दुसरा मुहूर्त काढायला लावला होता. जेवण झालं की बाराच्या सुमाराला डोळे मिटायचे. मग घरावरून रणगाडा गेला तरी हा माणूस उठायचा नाही, असं त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई म्हणत, आणि त्या अनुभवाने म्हणत.

अडचण आली ती थेट युरोपातून. सौम्या नवऱ्याबरोबर नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहायची. रोज आपल्याकडे अकरा वाजले की तिचा व्हिडिओ कॉल येई. तिकडे तेव्हा सकाळ असे. सहा वर्षांची नात निवेदिता शाळेत जाण्याआधी दूधपाव खात बसे आणि नरसिंहराव तिला गोष्ट सांगत. गोष्ट संपली की तिकडे दप्तर उचललं जाई आणि इकडे पान मांडलं जाई. म्हाताऱ्याच्या दिवसभरातला खरा जिवंत भाग तेवढाच होता. बाकी सगळं पेपर आणि पथ्यपाणी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मात्र तिकडच्या लोकांनी आपली घड्याळं तासभर मागे घेतली. हिवाळ्यात ते घेतातच. दुसऱ्या दिवशी कॉल आला तो बारा वाजता. नरसिंहराव जेवून आरामखुर्चीत टेकले होते. होसकोटेच्या तळ्यात राहणारा एक राक्षस म्हातारीच्या दाराशी येतो आणि जेवायला वाढ म्हणतो, इथपर्यंत त्यांनी गोष्ट नेली. म्हातारीने केळीचं पान मांडलं. राक्षस पाटावर बसला. आणि मग फोनवर नुसतंच घोरणं ऐकू येऊ लागलं.

"अज्जा, पुढं काय?" निवेदिताने विचारलं. थोडं थांबून ती आईला म्हणाली, "अज्जा परत झोपला. आता उन्हाळ्यापर्यंत असंच."

हे वाक्य संध्याकाळी अनुसूयाबाईंनी जसंच्या तसं नवऱ्याला ऐकवलं. नरसिंहराव चहा प्यायचे थांबले. गेल्या हिवाळ्यातही असंच झालं होतं हे त्यांना आठवलं, आणि पोर मोठी होत चालली आहे हेही.

"एक तास उशिरा जेवा की," अनुसूयाबाई म्हणाल्या. "स्वल्प उपमा खाऊन घ्या अकराला."

"मी का सरकायचं? बंगळूर आपल्या जागेवर आहे. सूर्य आपल्या जागेवर आहे. सरकले ते. त्यांनी परत यावं."

"अहो, ते सत्तावीस देश आहेत म्हणे."

"असू देत. चूक ती चूक."

आता खरी गोष्ट सांगायची तर यात नुसतं घड्याळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सौम्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि आपला भारताचा पासपोर्ट परत केला, तेव्हा नरसिंहराव महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. "इथं राहते तर इथं मत देता यायला नको का, अण्णा?" असं ती तेव्हा म्हणाली होती. ते वाक्य त्यांच्या मनात सलत होतं. आता त्याचा उपयोग करायची वेळ आली, असं त्यांना वाटलं.

"युरोपच्या पार्लमेंटला मत दिलंस ना?" त्यांनी फोनवर विचारलं.

"दिलं."

"मग ज्यांना दिलंस त्यांना सांग."

"काय सांगू? आमच्या अण्णांची झोप मोडते, म्हणून सगळ्या युरोपची घड्याळं हलवू नका?"

"झोप मोडत नाही. झोप लागते, हीच तर तक्रार आहे."

"अण्णा, लाखो माणसं मत देतात. त्यात माझं एकटीचं कोण ऐकणार?"

"मग पासपोर्ट कशाला बदललास?"

"सरी, बरं, लिहिते," सौम्या हळूच म्हणाली. मुलीचा आवाज ऐकून नरसिंहरावांना वाईट वाटलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

नुसत्या लिहिण्याने काम होतं यावर मात्र नरसिंहरावांचा काडीचा विश्वास नव्हता. लोकप्रतिनिधीकडून काम करून घ्यायची त्यांची पद्धत वेगळीच होती, आणि तिच्यात त्यांचा भागीदार होता शिवाप्पा. हा निपाणीकडचा, लेआउटच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा अध्यक्ष. कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण वर्षभर नव्हतं, तेव्हा या दोघांनी अर्ज केला नाही, मोर्चा काढला नाही. झाकण बसवल्याबद्दल त्यांनी नगरसेवकाचा जाहीर सत्कारच ठेवला. बोलावणी गेली, शाल आली, फळांची टोपली आली. न केलेल्या कामाचा सत्कार घ्यायला कोणता पुढारी तयार होईल? तयार झाला, पण आदल्या दिवशी झाकण बसवून आला. पुढे बरीच वर्षं शहरात नगरसेवकच निवडले गेले नाहीत आणि या जोडीची विद्या पडून राहिली होती.

"युरोपचा खासदार म्हटलं तरी माणूसच की, रावसाहेब," शिवाप्पा म्हणाला. "लाज हाय न्हवं त्याला? झालं तर. करू की सत्कार."

"माणूस नव्हे, बाई आहेत."

"मग साडी द्यायची का शाल, तेवढं अनुसूयाअक्कास्नी विचारा."

सौम्याने मत दिलेल्या खासदारबाईंचा फोटो मोठा करून आणला. संघाच्या हॉलमध्ये एक खुर्ची मांडली आणि फोटो तिच्यावर ठेवला. खुर्चीच्या पाठीवर शाल पांघरली, तिच्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे पगडी, बसवला, आणि पुढ्यात फळांची टोपली ठेवली. शिवाप्पा सवयीने फोटोला हार घालायला निघाला, तेवढ्यात अनुसूयाबाईंनी त्याचा हात धरला. "अहो, बाई जिवंत आहेत." मग हार खुर्चीच्या हातावर ठेवला. मागे इंग्रजीत फलक होता. युरोपातली घड्याळं हलवण्याची प्रथा कायमची बंद केल्याबद्दल बाईंचे एचएसआर लेआउटकडून मनःपूर्वक आभार, असा त्याचा मथितार्थ. तीन भाषणं झाली. फोटो निघाले, आणि शिवाप्पाने ते बाईंच्या फेसबुकाच्या पानावर स्वतःच्या हाताने चढवले.

चारच दिवसांनी सौम्याचा फोन आला, तोही भलत्याच वेळी.

"अण्णा, काय करून ठेवलंत तुम्ही? खासदारबाईंच्या कचेरीतून फोन आला होता मला. मी पत्र लिहिलं होतं, त्याच्यावरून त्यांनी नाव जुळवलं. बाई म्हणतात, मी घड्याळं हलवणं बंद केलेलं नाही, तर हे लोक माझे आभार का मानताहेत?"

नरसिंहरावांनी शेजारी बसलेल्या शिवाप्पाकडे पाहून मान डोलावली. "लाज वाटली बघ."

"आणि त्यांना मिळालेल्या भेटवस्तू जाहीर कराव्या लागतात. शाल आणि फळांची टोपली कुठे आहे, विचारत होते."

"शाल संघाच्या कपाटात आहे."

"आणि फळं?"

नरसिंहरावांनी फोनवर हात ठेवला. "शिवाप्पा, फळं कुठं आहेत?"

"खाल्ली की. ठेवून कुजवायची व्हय?"

"सांग त्यांना," नरसिंहराव गंभीरपणे म्हणाले, "की फळांचा स्वीकार त्यांच्या वतीने संघाने केला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं अनुसूयाबाईंना वाटलं. मुलीला परक्या देशात कुणासमोर मान खाली घालावी लागते की काय, या धास्तीने त्यांना रात्रभर झोप नव्हती. पण पुढचं कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. खासदारबाईंनी सौम्याला आणि निवेदिताला भेटायला बोलावलं, आणि आजोबांशीही व्हिडिओवर बोलायचं आहे असं कळवलं.

हे ऐकून नरसिंहराव प्रथमच हबकले. उभ्या आयुष्यात त्यांना एकदा आमदाराच्या पीएने पाच मिनिटं दिली होती, तीही मोटारीत चढता चढता. आणि इथे लाखो मतांवर निवडून आलेली एक बाई सहा वर्षांच्या पोरीची गोष्ट अर्धी का राहते हे ऐकायला वेळ काढत होती. "त्यांनी स्वतः बोलावलंय? स्वतः?" असं त्यांनी सौम्याला तीनदा विचारलं.

भेटीची वेळ तिकडे सकाळची, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीड.

"आजच्या दिवस जेवण मागे ठेवा," अनुसूयाबाईंनी विनवलं.

"पाहुण्यांसमोर उपाशी पोटानं बसायचं? मी जागा राहीन. दोन कप कॉफी घेतली की झालं."

हॉलमध्ये सगळं लेआउट लोटलं होतं. पडद्यावर बाई दिसल्या. पांढरे केस, साधा स्वेटर, टेबलावर चहाचा कप. शेजारी सौम्या आणि तिच्या मांडीवर निवेदिता. नरसिंहराव कोट घालून पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला, पाठ केलेली दोन इंग्रजी वाक्यं म्हटली आणि बसले. बाई सावकाश बोलत होत्या, हॉलमध्ये पंखे फिरत होते, आणि पोटात साडेअकराचा भात होता. दोन कप कॉफी त्या भातापुढे हरली.

घोरण्याचा आवाज माइकमधून थेट नेदरलँड्सला पोचला. शिवाप्पाने कोपर मारलं, पण व्यर्थ. अनुसूयाबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पडद्यावर सौम्याने डोळे मिटून घेतले.

बाई मात्र बोलायच्या थांबल्या आणि लक्ष देऊन पाहू लागल्या. मग त्यांनी निवेदिताला काहीतरी विचारलं.

"त्या विचारताहेत, हे रोज असंच होतं का," सौम्याने मराठीत सांगितलं. "आणि राक्षसाचं पुढे काय झालं म्हणून."

"मला माहितेय," निवेदिता म्हणाली, आणि झोपलेल्या आजोबांकडे बघत, त्यांनाच सांगावं तसं मराठीतून सांगू लागली. "राक्षस खूप जेवला. मग त्याला झोप आली. हिवाळ्यात सगळे राक्षस जेवून झोपतात. म्हणून म्हातारी आणि गावातली मुलं हळूच तळ्याच्या पलीकडे गेली. कुणी त्याला उठवलं नाही. कारण तो वाईट नाहीये, त्याचं घड्याळ चुकलंय."

सौम्याने ते डचमध्ये सांगितलं. खासदारबाईंनी चष्मा काढून पुसला.

मग बाईंनी सरळ सांगितलं ते असं. ही प्रथा बंद करा, असं लाखो नागरिकांनी कधीच कळवलेलं आहे. पार्लमेंटने तसं मतदानही करून ठेवलंय, त्याला काही वर्षं झाली. घोडं अडलंय ते सरकारांशी. कायम उन्हाळ्याची वेळ ठेवायची की हिवाळ्याची, यावर प्रत्येक देश आपल्याच जागी बसून आहे. बाकीच्यांनी सरकावं, एवढंच ज्याचं त्याचं म्हणणं. मी एकटी ते बदलू शकणार नाही, पण विचारू शकते, आणि विचारीन.

"असल्या माणसाबरोबर चाळीस वर्षं संसार केलाय मी," अनुसूयाबाई म्हणाल्या. "सांग त्यांना, दम धरा म्हणावं."

जानेवारीत सौम्याने एक कागद पाठवला. खासदारबाईंनी सत्तावीस सरकारांच्या परिषदेला लेखी प्रश्न विचारला होता. वर क्रमांक होता, खाली बाईंचं नाव, आणि मध्ये छापलेलं होतं की युरोपाबाहेर राहणाऱ्या एका आजोबांची गोष्ट दर हिवाळ्यात अर्धी राहते, याची परिषदेला कल्पना आहे काय? खाली परिषदेचं उत्तरही होतं. या विषयावर अद्याप एकमत झालेलं नाही.

नरसिंहरावांनी तो कागद उभ्यानेच वाचला. इतक्या मोठ्या दरबारात आपल्या नातीचा राक्षस जाऊन उभा राहिला, हेच त्यांना आधी खरं वाटेना. त्यांनी सौम्याला फोन लावला.

"बरं केलंस," एवढंच ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"पासपोर्ट."

पलीकडे सौम्याने नाक पुसल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या सोमवारी नरसिंहरावांनी शिवाप्पाला जेवायला बोलावलं. साडेअकराला पान म्हणजे साडेअकराला, हे ठाऊक असल्याने तो वेळेआधीच हजर झाला आणि उपाशी बसून राहिला. बाराला निवेदिताचा कॉल आला. नरसिंहराव टक्क जागे होते. त्यांनी एका नव्या राक्षसाची गोष्ट सुरू केली आणि पार शेवटापर्यंत नेली. निवेदिता हसत शाळेत गेली. मग अनुसूयाबाईंनी पानं मांडली. शिवाप्पाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. मनगटावर पाहिलं, तर साडेबारा.

"रावसाहेब, तुमचं घड्याळ तासभर मागं पडलंय."

"मीच घेतलंय मागे. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढं घेईन."

शिवाप्पाचा हात पानाशीच थांबला. "म्हंजे? युरोपातली ही पद्धत बंद करायला निघालेले तुम्ही, आणि अख्ख्या बेंगळुरात ती पाळणारं घर तुमचंच?"

अनुसूयाबाई भातावर तूप वाढत राहिल्या. नरसिंहरावांनी चित्राहुती घातली.

"सत्तावीस जण अडून बसलेत, शिवाप्पा," ते म्हणाले. "कुणीतरी आधी सरकायला नको?"