भोयर डॉक्टरांची मागची सीट

गेला उन्हाळाभर रोज सकाळी सहा वाजता भोयर डॉक्टर आपल्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला गंज, म्हणजे उभट पातेलं, बांधत आणि आमच्या ले-आऊटमधून फिरवून आणत. गंजावर झाकण नसे. परत आल्यावर ते शिंप्याची टेप गंजात सोडत आणि किती पाणी सांडलं तो आकडा कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं लिहीत. भिंत भरली की पुसत आणि पुन्हा वरून सुरुवात करत.

आमचं ले-आऊट शहराच्या टोकाला, हुडकेश्वरच्याही पलीकडे आहे. इथे आधी प्लॉट आले, मग घरं आली, मग रस्त्याचं भूमिपूजन झाल्याचा फलक आला. रस्ता अजून यायचा आहे. तेव्हा या फेरीत गंजात थेंबभर जरी पाणी उरलं तरी ते बांधणाऱ्याचं कर्तृत्व मानायला हवं. लोक मात्र तसं मानत नव्हते. सकाळी फिरायला निघालेली मंडळी थांबून बघत आणि डॉक्टर गेल्यावर एकमेकांना डोक्याकडे बोट दाखवत.

भोयर डॉक्टर हे डॉक्टर नाहीत. ते पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. पण आमच्याकडे गायीच्या मागे उभा राहून जो न घाबरता बाही वर सारतो, त्याला गावं डॉक्टर म्हणतात. खऱ्या पदवीधर डॉक्टरांना याचा राग यायचा. भोयरांनी तो कमी करण्यासाठी तीस वर्षांत काही केलं नाही.

मोटरसायकल ऑफ-रोड जातीची आहे. म्हणजे तिची सीट माझ्या छातीला लागते, चाकांना दात आहेत, आणि तिच्या जाहिरातीत नुसते डोंगर असतात, घर कुठेही नसतं. बासष्टाव्या वर्षी डॉक्टर ती घेऊन आले. उंचीनं ते जेमतेम पाच फूट, त्यामुळे वर चढायला स्वयंपाकघरातलं स्टूल लागलं. मालतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातूनच म्हणाल्या की घोडा घेतला असता तर निदान लीद तरी कुंड्यांना झाली असती. पुण्याच्या मुलानं फोनवर चेहरा दाखवून वयाची आठवण करून दिली. डॉक्टरांनी फोन गाडीच्या चाकासमोर धरला आणि सांगितलं, तुले हिच्याशी बोलायचं हाय, बोल.

त्यांचा खरा आजार मात्र गाडी नव्हे, बांधणं हा आहे. कुठेही काही बांधलेलं दिसलं की ते हलवून पाहतात. एकदा मानेवाडा चौकात सिग्नलला एका अनोळखी माणसाच्या स्कूटरवर गॅसचं सिलिंडर होतं. डॉक्टरांनी ते हलवून पाहिलं, मग त्या माणसाला बाजूला घेतलं, सिलिंडर सोडलं आणि पुन्हा बांधून दिलं. तोवर सिग्नल तीनदा बदलला. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. "वाजवा गा," डॉक्टर त्यांना म्हणाले, "तुमच्याच अंगावर पडनार होतं."

त्यांचे नियम थोडे आणि ठाम आहेत. वजन खाली आणि पुढे. दोन्ही बाजूला सारखं. हुकाची दोरी नको, ती सुटली की डोळा फोडते. त्यापेक्षा सायकलची जुनी ट्यूब उभी कापून घ्यावी. बांधून झालं की निघावं आणि पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढून पाहावं, कारण डॉक्टरांच्या मते पहिले पाच किलोमीटर गाठ खोटं बोलते. हे शेवटचं वाक्य ते लग्नातही म्हणतात. नवरा-नवरीच्या समोर.

हे शास्त्र आलं नायट्रोजनच्या टाकीतून. गायींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारं बीज गोठवून ठेवतात, ते बर्फाहून कितीतरी थंड अशा द्रव नायट्रोजनमध्ये. ही टाकी गावोगाव न्यायची. ती आडवी होता कामा नये, तिचं बूच घट्ट लावता कामा नये, आणि ती मोटरसायकलवरून न्यायची, तेही पांदणीनं, म्हणजे दोन शेतांमधल्या त्या वाटेनं जिथे पावसाळ्यात बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सरकारी दोरीनं बांधलेली टाकी नाल्यात पडली. वरिष्ठांचं पत्र आलं. तेव्हापासून सुखदेव टाकी मांडीवर घेऊन मागे बसू लागला.

सुखदेव दवाखान्यातला परिचर. पाच वर्षं त्यानं ती टाकी दोन्ही हातांनी कवटाळून नेली. बुचातून पांढरी वाफ यायची, पोरं मागे धावायची. सांडलेल्या नायट्रोजननं त्याच्या मांडीवर भाजल्यासारखे डाग पडले आहेत, ते मी पाहिले आहेत. ते डाग पाहून भोयर बांधायला शिकले. एका लोहाराकडून गाडीच्या बाजूला कडं करून घेतलं, ट्यूब कापल्या आणि टाकी अशी बसवली की सुखदेवचे हात मोकळे झाले. मोकळ्या हातांचं काय करायचं हे सुखदेवला सुचेना, म्हणून तो पुढची पंचवीस वर्षं मागे बसून झडत्या म्हणत राहिला.

झडती म्हणजे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलांसमोर म्हणायची कवनं. त्यात देवापासून पटवाऱ्यापर्यंत सगळ्यांची उतरवायची असते. सुखदेव त्यात पंचक्रोशीत नावाजलेला. उमरेडच्या पलीकडचं त्याचं गाव त्याच्या झडतीशिवाय तोरण तोडून बैल सोडत नसे.

मागच्या पावसाळ्यात ओट्यावरून घसरून त्याच्या कमरेचं हाड मोडलं. आता तो बसू शकतो, चालू शकत नाही. मुलगा राजू त्याला उमरेडला घेऊन आला आणि आपल्या मोबाईलच्या दुकानामागच्या खोलीत ठेवलं. पोळा चुकला. गावात दुसऱ्या कुणी तरी कागदावरून वाचून झडती म्हटली. हे ऐकून सुखदेवनं आठ दिवस कुणाशी बोलणं टाकलं. मग म्हणाला, एकदा मले तोरणाखाली ने, मंग पाहिजे तिथं ठेव.

पण डांबरी रस्ता गावाच्या दीड किलोमीटर अलीकडे संपतो. पुढे पांदण. पोळ्याच्या सुमारास तिथे मोटार जात नाही. ट्रॅक्टर जातो, तर उन्हाळ्यात राजूनं बापाला ट्रॉलीत गादीवर ठेवून नेऊन पाहिलं. शंभर पावलांत सुखदेव असा ओरडला की ट्रॉली तिथूनच वळवली. हाडाला हिसका बसू द्यायचा नाही, हे दवाखान्यानं बजावलेलं होतं. त्यानंतर राजूनं विषय बंद केला.

भोयरांनी त्याच आठवड्यात मोटरसायकल घेतली.

हे मला मालतीबाईंनी सांगितलं, गोधड्या उसवता उसवता. तोवर मीही डोक्याकडे बोट दाखवणाऱ्यांत होतो. त्या गाडीचे शॉकअब लांब आहेत, खड्डा ती पोटात घेते, असा डॉक्टरांचा हिशेब होता. उरलेला प्रश्न बांधणीचा. गंज ही सुरुवात होती. भिंतीवरचा आकडा दोन बोटांवर आला तेव्हा गंजाच्या जागी तांदळाचं पोतं आलं. पोत्यानंतर मालतीबाईंना बसवलं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "पाणी परवडलं. मी सांडली असती तं याईनं टेप लावला असता."

मधल्या काळात शहरातल्या काही हौशी रायडर मंडळींनी 'लगेज कसं बांधावं' म्हणून रविवारचा मेळावा आणि त्यानंतर एक लांबची फेरी ठेवली. डॉक्टर मला घेऊन गेले. एप्रिलच्या उन्हात मंडळी चिलखतासारखी जाकिटं घालून उभी होती. झेंडा दाखवणारे पाहुणे दीड तास उशिरा येणार होते. डॉक्टरांनी तेवढ्या वेळात त्या मंडळींच्या कॅप्टनच्या गाडीची ॲल्युमिनियमची पेटी हलवून पाहिली. ती हातात आली. कॅप्टननं हसून घेतलं आणि नंतर सौम्यपणे सुचवलं की काकांनी या वयात मागून सामानाच्या गाडीत बसून यावं, तिथे एसी आहे. डॉक्टरांनी पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले की पेटीले बसवा एसीत, तिले गरज हाय. आम्ही पाहुणे यायच्या आधीच निघालो.

शेवटची चाचणी माझ्यावर झाली. माझं वजन सुखदेवच्या वजनाच्या जवळ जातं, असं डॉक्टरांना माझ्याकडे नुसतं पाहून कळलं. तीस वर्षं गुरांची वजनं नजरेनं सांगितल्याचा परिणाम. मला स्टुलावरून वर चढवलं. दोन्ही मांड्यांना बाहेरून लागून गोधड्यांच्या दोन घट्ट पिशव्या, पाठीमागे कॅरिअरवर आडवी गुंडाळी, पायांना ट्यूबच्या रिकिबी. अंगावर एकही पट्टा नाही. आम्ही ले-आऊटच्या सगळ्यात वाईट गल्लीतून गेलो. मला कुणी धरलेलं नव्हतं आणि तरी मी पडणार नव्हतो. एवढं निवांत मी वर्षानुवर्षं कुठे बसलो नव्हतो, घरीसुद्धा.

पोळ्याच्या दिवशी सकाळी आम्ही उमरेडला पोचलो. डॉक्टर मोटरसायकलवर, मी मागून स्कूटरवर. राजू दुकानाच्या पायरीवर आडवा उभा होता. तो वाईट मुलगा नाही. बापाचं हगणंमुतणं तो स्वतः काढतो. त्याचं म्हणणं सरळ होतं, की दुसऱ्यांदा हाड मोडलं तर बाबा उठणार नाहीत. त्यापेक्षा बाबांनी झडती मोबाईलसमोर म्हणावी, तो गावाच्या ग्रुपवर टाकतो, सगळे ऐकतील.

"बैलं हायेत का तुया ग्रुपवर?" डॉक्टरांनी विचारलं.

आतून सुखदेवचा खोकल्यासारखा आवाज आला. तो हसत होता. राजूनं तो आवाज बहुधा वर्षभरानं ऐकला असावा, कारण तो पायरीवरून बाजूला झाला. पण बापाला उचलून सीटवर ठेवल्यावर त्याचा धीर पुन्हा सुटला. त्यानं एक रुंद पट्टा आणला आणि म्हणाला, "काका, निदान कमरेतून बांधून टाका न त्यायले."

डॉक्टरांनी पट्टा घेतला, घडी केली आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

"बांधलं का सामान झालं गा. वर्षभर झालं, या खोलीतून त्या खोलीत तुमी त्याले सामानासारखंच ठेवून राहिले. आज तो गावात जाऊन राहिला. बसून जाईन तो."

राजू माझ्या स्कूटरवर मागे बसून आला. डांबर संपेपर्यंत काही झालं नाही. पाच किलोमीटरवर थांबून डॉक्टरांनी सगळं ओढून पाहिलं, सुखदेवला सोडून. पांदणीच्या तोंडाशी मी स्कूटर लावली, चपला हातात घेतल्या आणि राजूबरोबर मागून चिखलात चालू लागलो. मोटरसायकल पुढे बैलाच्या चालीनं जात होती. मागचं चाक दोनदा घसरलं. दोन्ही वेळा राजूनं माझा दंड धरला, माझ्या आधाराला नव्हे. सुखदेवचं डोकं मात्र शेताच्या बांधावरच्या पळसांकडे वळत होतं, या बाजूला, त्या बाजूला. नाल्यापाशी त्यानं डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी दाखवलं. टाकी पडली होती ती जागा असावी.

गावात मारुतीसमोर तोरण बांधलेलं होतं. बैलांच्या अकरा जोड्या, नंतर धुतलेले चार ट्रॅक्टर, आणि रांगेच्या शेवटी आमची मोटरसायकल. एका म्हातारीनं बैलांना ओवाळता ओवाळता गाडीच्या हेडलाईटलाही कुंकू लावलं. सुखदेव सीटवरच बसून राहिला. तिथून तो बरोबर बैलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येत होता.

मग त्यानं झडती म्हटली. वर्षभर साठवलेली होती. हाड मोडणाऱ्या ओट्यावर होती, कागदावरून झडती वाचणाऱ्यावर होती, मोबाईलवरून डोळे न काढता मोबाईल विकणाऱ्या मुलावर होती. राजू सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि मग मान फिरवून उभा राहिला. प्रत्येक झडतीला गाव हर हर महादेव म्हणत होतं आणि लोक आणखी मागत होते.

सरपंचांनी डॉक्टरांसाठी खुर्ची मागवली. शाल, नारळ तयार होतं. गावातली अर्धी गुरं डॉक्टरांच्या हातची, असं ते लाऊडस्पीकरवर म्हणाले. डॉक्टर गाडीवरून उतरले नाहीत. मले इथूनच दिसते, म्हणाले. सरपंच शाल घेऊन गाडीपर्यंत आले, तर त्यांनी हातही पुढे केला नाही, नुसती मान वाकवली. शाल खांद्यावर टाकावी लागली. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला की रिटायर झाला तरी डॉक्टरचा माज गेला नाही. मलाही तसंच वाटलं. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचा मान सरळ घेतला नाही, तो आज काय घेणार.

तासाभरानं मी पाणी द्यायला जवळ गेलो तेव्हा खाली नजर गेली. गाडीचा स्टँड वर होता. तो चिखलात खचत असणार, म्हणून त्यांनी तो लावलाच नव्हता. दोन माणसांसकट ती उंच गाडी डॉक्टरांनी स्वतःच्या पायांवर तोलून धरली होती. त्यांचे पाय पुरे टेकत नाहीत. नुसती बोटं चिखलात रुतवलेली होती. पोटऱ्या थरथरत होत्या, हँडलवरच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या, आणि कमरेच्या वर ते दगडासारखे स्थिर होते.

मी धरायला हात पुढे केला. त्यांनी डोळे वटारून मला जागच्या जागी थांबवलं.

मागे सुखदेव श्वास घ्यायला थांबला होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुमी उतरून बसा न थोडं खुर्चीवर. गाडी तं मस्त उभी हाय."

"बसलोच हाय न मी," डॉक्टर म्हणाले. "तू म्हण पुढचं."