तिसऱ्या पाळीतली भाषा

बालवाडीच्या बाईंनी सफरचंद दाखवलं, छत्री दाखवली, शेवटी स्वतःचं नाक दाखवलं. अनुयाने तोंड उघडलं नाही.

"घरी बोलते हो मॅडम," वर्षाली म्हणाली.

"सगळ्याच आया असं म्हणतात," बाई हसल्या. "तपासून दाखला आणा. सोमवारी प्रवेश बंद होतायत."

शेजारी बसलेला समाधान, म्हणजे अनुयाचे बाबा, यावर काही बोलला नाही. तो झोपला होता. चाकणच्या कंपनीत नवी लाइन सुरू झाल्यापासून त्याला कायमची तिसरी पाळी होती आणि दिवसा जिथे टेकेल तिथे त्याचा डोळा लागायचा. निघोज्यातल्या त्यांच्या एका खोलीत उजाडलं की रात्र व्हायची. बेलमध्ये चिंधी कोंबलेली, आणि शिट्टी होण्याआधीच कुकरखालचा गॅस बंद. त्यामुळे वरणातली डाळ कायम दाताखाली येई. पूर्वी पिंपरीत भोंगा झाला की आख्खी चाळ एकदम उठायची, एकदम जेवायची. आता भोंगे गेले आणि एकाच घरात दोन-दोन घड्याळं चालू लागली.

शुक्रवारी सगळी वरात पिंपरीत पद्मजा मॅडमकडे पोचली. लहान मुलांचं बोलणं तपासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. समाधान पाळी सुटल्यावर थेट तिथेच आला, कारण अशा वेळी बापाने असायलाच पाहिजे, असं रुक्मिणीआजींचं म्हणणं होतं.

मॅडमनी चित्र पुढे धरलं. "हे काय आहे गं?"

"हत्ती म्हण की, माय!" आजी म्हणाल्या.

"आजी, तपासणी तुमची नाहीये."

"व्हय व्हय, गप बसते." पुढचं चित्र आलं. "आता ह्याला तर लेकरू झोपेतबी वळखंल! बैल!"

आजी बाहेर गेल्या. मग वर्षाली नुसतेच ओठ हलवून उत्तरं पुरवताना सापडली; तीही बाहेर गेली. आई जाताना बघून अनुयाचे डोळे भरले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बाबा बसू देत." समाधान खुर्चीत ताठ बसला आणि बघता बघता त्याची मान छातीवर आली.

बाहुली झाली, फुगे झाले. अनुया मान हलवी, बोट दाखवी, बोलेना. मॅडमनी शेवटचा उपाय म्हणून कपाटातून चावीचं माकड काढलं. ते ढोल वाजवायचं आणि त्याला पाहून आजवर एकही मूल गप्प राहिलं नव्हतं. त्यांनी चावी दिली. दणदणाट सुरू झाला.

अनुया ताडकन उठली. तिने दोन्ही हातांनी ढोल दाबून धरला आणि दबक्या आवाजात मॅडमना झापलं, "अहो, हळू ना! बाबा झोपलेत. रात्रभर मशीन चालवलंय त्यांनी. मधेच उठले की त्यांचं डोकं दुखतं, मग आई आमच्यावर चिडते. तुमच्या घरी कोणी झोपत नाही का?"

मॅडम खाली वाकून कुजबुजल्या, "झोपतात ना. हत्ती कुठे राहतो?"

"हा कागदावर. खरा जंगलात."

"आणि हे?"

"छत्री. आमची मोडलीय. तुमची कुठंय?"

बाहेर आजी दाराला कान लावून उभ्या होत्या. "काहीच ऐकू येईना गं वर्षाली. गेली आपली बालवाडी!" त्यांना राहवेना. त्या दार ढकलून आत शिरल्या. "मॅडम, एकडाव माझ्यासमोर इचारून बघा—"

"शूऽऽ!" अनुया आणि मॅडम एकदमच म्हणाल्या.

आजी जागीच थबकल्या. मागून वर्षालीही चवड्यांवर आत आली.

"वयाच्या मानाने खूप पुढे आहे," मॅडम कुजबुजल्या. "दाखला आत्ता देते. सोमवारी बिनधास्त घेऊन जा. फक्त बाबांना नेऊ नका."

"खरंच?" वर्षाली कुजबुजली.

"देव पावला, माय," आजी कुजबुजल्या.

इतक्या कुजबुजीने समाधानला जाग आली. समोर चौघी डोक्याला डोकं लावून बसलेल्या बघून तो सावकाश, खुर्ची न वाजवता पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "कोण झोपलंय?"