आप्पांचं पिवळं बारबेकू

घरमालक भाडेकरूच्या दारात आला की काय विचारणार? पाणी आलं का, लाइट आली का, भाडं कधी देताय. आमचे आप्पा भर दुपारी जिना चढून यायचे, फडक्यानं झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभे राहायचे, पापणी न हलवता माझ्या तोंडाकडं बघायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "आली का?"

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी शिक्रापूरच्या त्या वरच्या खोलीत नुकताच राहायला आलो होतो. रांजणगावच्या कंपनीत मला दुसरी शिफ्ट, त्यामुळं कंपनीची बस येईपर्यंत मी घरीच. त्या वेळी गल्ली अगदी सुनसान असायची. सगळे कामावर. हायवेवरच्या ट्रकांची घरघर तेवढी लांबून यायची.

"कोण आली?" मी विचारलं.

"ती."

"कोण ती?"

"बोलू नका. आली की सांगा."

मी मागं वळून पाहिलं. खोलीत माझी खाट आणि बादली, बाकी कोणी नाही. मानेवर काटा आला. तेवढ्यात आप्पांनी फडकं बोटभर सरकवलं आणि माझ्या नाकात असा झणका शिरला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"आली! आली!" मी ओरडलो.

"आन् मागनं काय आलं? गूळ? लसूण?"

ती म्हणजे मोहरी.

आप्पांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आप्पा मात्र तरुणपणीच एका कंपनीच्या गेस्टहाउसात कुक म्हणून लागले. तिथं मशीन बसवायला एक अमेरिकन साहेब आला होता. त्याच्या गावाकडं भाजलेल्या मटणा-कोंबडीला लाल नाही, पिवळा सॉस फासतात म्हणे. मोहरीचा. त्या सॉसवाचून साहेब सुकत चालला होता. आप्पांनी त्याच्याकडून खाणाखुणांनी रीत समजून घेतली आणि घरी येऊन बायकोला, हिराबाईंना, मोहरी वाटायला बसवलं. पुढं मशीन बसलं, साहेब गेला. पण हिराबाईंना त्या सॉसची चटक लागली. "साहेब गेला पर त्येचं पिवळं आमच्या घरात ऱ्हायलं," असं त्या म्हणायच्या, हे आप्पांनीच सांगितलं. मी राहायला आलो तेव्हा हिराबाई जाऊन बराच काळ झाला होता.

आप्पा त्याला 'बारबेकू' म्हणत. पिवळी मोहरी व्हिनेगरमध्ये भिजवायची, पाट्यावर वाटायची, फेस येईपर्यंत फेसायची. मग व्हिनेगर, गूळ, हळद, लसूण, मिरपूड घालून मंद आचेवर आटवायचं. "पर उकळी आली की तिचा राग जातो," आप्पा सांगायचे. "म्हनून थोडी कच्ची फेसल्याली मागं ठिवायची. शेवटाला घालायची. राग पायजे. रागाबिगर बाईमानूस आन् मव्हरी, काय कामाची?"

इथपर्यंत ठीक होतं. पण आप्पा ते बारबेकू स्वतः फारसं खात नसत. नुसतं करत. एकदा म्हणाले, "खाली या, लई दिसांनी मनासारखी जमलीय." गेलो, तर घराची सगळी दारं बंद, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. अंधारात आप्पांचा आवाज आला, "चार खोल्यांत चार वाट्या ठिवल्यात. एकीत मव्हरी न्हाई. कुटल्या खोलीत, ते बाहेरनंच सांगा." मी चाचपडत दारादारापाशी नाक लावत फिरलो, आणि आप्पा माझ्यामागून अनवाणी, आवाज न करता. त्यांचा श्वास तेवढा मानेवर लागायचा.

वरच्या खोलीत बसलो की फरशीखालून बोलणं ऐकू यायचं. "थांब की. इचारतो त्येला." मग शांतता. मग, "न्हाई गं, त्येनं बराबर सांगितलं." आणि लगेच जिन्यावर पावलं वाजायची.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी हळूच विचारलं, घरात आणखी कोणी राहतं का? मोहरी तोलता तोलता तो म्हणाला, "तुमच्या आदीचा भाडेकरूबी ह्येच इचारीत व्हता. सामान न्यायलासुदिक परत आला न्हाई."

मीही गेलो असतो. पण आप्पा मला काही त्रास देत नव्हते, फक्त बारबेकू हुंगायला लावत होते. पहिल्या वेळी मी शिष्टाचार म्हणून "मस्त झालंय" म्हणालो, तर त्यांचा चेहरा पडला. पुढच्या वेळी व्हिनेगर इतकं की हुंगूनच दात आंबले. "आप्पा, हे माणसाला देण्यासारखं नाही," मी वैतागून म्हणालो. तर गडी खूष! पाठीवर थाप मारून खाली गेले, आणि फरशीखालून आवाज आला, "नाक खरं हाय गं."

एका दुपारी मी डबा भरत होतो. खालून वास आला, पण मोहरीचा नाही. गॅसचा. जिन्यावर तर इतका दाट की घसा धरला. धावत खाली गेलो. शेगडीचं बटण चालू, शेगडी पेटलेली नाही, आणि समोर आप्पा, हातात लायटर धरून, पुतळ्यासारखे उभे.

मी लायटर ओढून घेतलं, बटण बंद केलं, सिलिंडरचं बंद केलं, खिडक्या उघडल्या. आप्पांना धरून अंगणात आणलं.

"वास येत नव्हता तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "कसलाच येत न्हाई. ती गेल्यावर ताप आला व्हता मोठा. त्यात गेला. निस्ता झणका कळतो मव्हरीचा. नाकाला तेवढंच उरलंय."

"मग लायटर धरून का थांबला होतात?"

आप्पांनी स्वैपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "पेटवनारच व्हतो. मागनं कुनीतरी सदरा वढला."

आत कोणी नव्हतं, हे मी सांगायला नको. सांगितलंही नाही.

"सुनीला बोलू नका," आप्पा म्हणाले. सुनीता त्यांची मुलगी, दौंडला दिलेली. "घेऊन जाईल मला."

"तुम्ही सांगा आप्पा. नाहीतर मला सांगावं लागेल. खाली तुम्ही, वर मी, आणि मधे सिलिंडर."

संध्याकाळी आप्पांनीच फोन केला. रविवारी सुनीताताई आल्या त्या रडत आणि भांडत. "येवढं झालं आन् मला आत्ता सांगताय व्हय?" दौंडला चला म्हणाल्या, आप्पा न्हाई म्हणाले. शेवटी गॅस गेला, विजेची शेगडी आली, आणि ताईंनी पदर खोचून घर धुवायला काढलं. मोहरीच्या वासाची भांडी, पडदे, गोधड्या, सगळं अंगणात.

तेवढ्यात आप्पा जिना चढून वर आले. हातात पातेलं नव्हतं. काळी घोंगडी होती, घडी घातलेली.

"सुनी म्हनती ही बी धुवायची. लई मळलीय."

"मग?"

"हिराची हाय. ती हीच पांगरायची." आप्पा खाटेवर बसले. "मला कळत न्हाई तिच्यात काय ऱ्हायलंय का. ज्येला इचारावं तो म्हनतो, हाय की आप्पा. माझ्या तोंडाकं बघून म्हनतो. मला खरं सांगनारं पायजे व्हतं. म्हनून तुमाला येवढे दिस बारबेकू हुंगवलं. मुद्दाम गूळ इसरून, व्हिनेगर वतून." त्यांनी घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली. "नसंल तर धुऊ द्या तिला. खरं बोला."

मी घोंगडी उलगडली. लोकरीचा वास. धुळीचा. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, या वेळी जमिनीकडं बघत होते. मी हातभर, हातभर करत पूर्ण घोंगडी हुंगली. मधे काही नाही. एका काठाला काही नाही. मग एक कोपरा आला.

"आप्पा, बाकी काही नाही," मी म्हणालो. "पण इथं खोबरेल तेल आहे. जुनं. थोडंसंच, पण आहे."

आप्पांनी तो कोपरा हातात घेतला. "ह्या अंगाला डोकं करायची ती," म्हणाले. नाकाला लावून पाहिला, थोडा वेळ तसाच धरला आणि त्याला गाठ मारून खाली गेले.

बस यायच्या आधी मी खिडकीतून पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीवर घोंगडी वाळत होती, काळं पाणी टपटपत होतं. एका कोपऱ्याला दुधाची प्लास्टिकची पिशवी बांधलेली, वर सुतळीचे वेढे. तेवढा कोपरा आप्पांनी वर, खांद्याच्या उंचीवर उचलून धरला होता, ओल चढू नये म्हणून.

"आप्पा, आवो काय ह्ये?" सुनीताताई बादली घेऊन उभ्या होत्या. "येवढाच का ठिवला?"

"तिकडं मळली न्हाई," आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं कोपरा धरून पहिला हात झटकला.