हसण्याचा कोन

कला उपयोगी असली पाहिजे; नाहीतर ती नुसतीच चांगली दिसते आणि पालकांना काळजी लागते. या थोर तत्त्वाला अनुसरून मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या बाईंना बोलावून घेतलं. चित्रकलेमुळे गणित सुधारतं हे तपासणी समितीला पटलं, तर पाचवीचा चित्रकलेचा तास राहील. नाहीतर तो गणिताच्या सरांना जाईल. (तसा तो जातच होता. "बाई, आजचा तास देता का जरा?" हे सरांचं बारमाही होतं. आता विचारायचे कष्टही वाचणार होते.)

गायनाचे सर बाईंच्या मानाने वस्ताद; त्यांनी पाढे चालीवर बसवून आपला तास केव्हाच वाचवला होता. मुलांना सतराचा पाढा आता घडाघडा येतो. मध्येच कोणी "सतरा साते?" विचारलं, तर ती पहिल्यापासून गाऊ लागतात.

बाईंनीही कंबर कसली. त्या दिवसापासून वर्गात सूर्याला त्रिज्या आली, डोंगर समद्विभुज झाले आणि अख्खं सफरचंद काढायला बंदी झाली. पाव, अर्धं किंवा पाऊण चालेल. मुलं गुणी. का म्हणून कोणी विचारलं नाही.

एका मुलीने मात्र आई काढली. माप नाही, अपूर्णांक नाही, कागदभर नुसती आई.

"अगं, यात गणित कुठंय?" बाईंनी विचारलं.

"बाई, ती हसतेय."

बाई बघतच राहिल्या. इतकं छान चित्र त्या वर्गात कित्येक महिन्यांत उतरलं नव्हतं, आणि आता हे लपवू कुठं, असं त्यांना होऊन गेलं. तेवढ्यात समिती दारात उभी. बाईंनी कोनमापक घेतला, आईच्या ओठांवर ठेवला आणि खाली लिहिलं: हास्यकोन, तीस अंश.

समिती खूश झाली. अध्यक्षांनी कोन स्वतः मोजला (बत्तीस भरला, दोन अंश माफ केले), "आई लघुकोनात हसते" असा शेरा मारला आणि तास कायम केला. बाईंचा जीव भांड्यात पडला. मुलीने घरी जाऊन आईला सांगितलं, जरा मोजून हसत जा.

आता तुम्ही मघापासून मनात धरून बसलेला प्रश्न: मुलांचे गुण वाढले का? वाढले, दोन. हायसं वाटलं ना? चित्राचं काय झालं, ते कोणीच विचारलं नाही.