ठोंबरे काकांचं न उडणारं विमान

ठोंबरे काकांच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम आहे आणि त्यांनी आजवर एकदाही विमान उडवलेलं नाही. गेम चालू केला की सगळं लोड होईपर्यंत पडद्यावर एक चित्र थांबतं ना, काका फक्त ते चित्र बनवतात. गेमवाल्यांचं चित्र काढून तिथे स्वतःचं बसवतात. मग गेम लावतात, चित्र बघतात, धावपट्टी समोर आली की गेम बंद करतात आणि चिडतात.

चिडणं हा त्यांचा मूळ धंदा. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, नेपियर टाउनमधल्या एका इमारतीत ते माझ्या शेजारच्याच घरात राहतात, त्यामुळे त्यातला बराच माल माझ्या वाट्याला येतो. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावर बसून त्यांनी जन्मभर लोकांची कामं परत पाठवली. निवृत्त झाले तरी हातातला शिक्का काही सुटला नाही. भाजीवाल्याची भेंडी, माझ्या बायकोची पुरणपोळी, कुणाच्या लग्नाची पत्रिका, सगळ्याला एकच शेरा: "रिजेक्ट!" माझ्या कोऱ्या स्कूटरभोवती एक फेरी मारून तिलाही त्यांनी रिजेक्ट केलं. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाशी बोलायचं नाही. संध्याकाळी भिंतीवर थाप पडली, "सुधीर, इकडे ये, सावली बघ!" आणि मी गेलो.

सावली विमानाची होती. चित्रात मागे आमच्या शहरातलं जुनं कमानिया गेट आणि समोर, ऐन बाजारात, भलंमोठं विमान.

"ऊन डावीकडून येऊन राहिलं अन् सावली पण डावीकडेच! कोण पास करणार हे?"

"काका, चित्र तुम्हीच केलंय."

"म्हणून काय पास करू?"

मी भीत भीत म्हटलं, "पण विमान बाजारात कसं? विमानतळ तर शहराबाहेर डुमन्याला आहे."

"डुमन्यापर्यंत ऑटोचे धक्के कोण खाणार? तू?"

मी तर कुठेच जाणार नव्हतो. पण काकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

दिवाळीत पुण्याहून जावई आले. सासऱ्यांचा कॉम्प्युटर रडतखडत चालतो हे बघून बिचाऱ्यांनी स्वतःहून नवी डिस्क बसवून दिली. जो गेम उघडेपर्यंत चहा करून पिऊनही व्हायचा, तो चुटकीसरशी उघडायला लागला. दुसऱ्या कुणी पाठ थोपटली असती. काकांनी जावयाशी बोलणं टाकलं. जावई एवढंसं तोंड करून पुण्याला परत गेले.

मला वाटलं, चित्रासाठी जिवाचा आटापिटा करायचा आणि ते धड दिसतही नाही, म्हणून हा राग असेल. म्हटलं, "काका, गेम कशाला लावता? चित्र नुसतंच उघडून बघा."

"त्याला फोटो म्हणतात," काका गरजले. "फोटो बघायला कोणी बसत नाही."

शेवटी एका रविवारी, माझ्याच रिजेक्ट झालेल्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन ते मला दुकानात घेऊन गेले.

"भैया, इसको स्लो करो."

दुकानदार हसला. "फास्ट करना है ना, अंकलजी?"

"फास्ट तो दामाद ने कर दिया. सत्यानाश कर दिया. स्लो करो!"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरचे माउस बघायला लागलो.

"अंकलजी, स्लो कराने तो कोई नहीं आता."

"मैं आया हूँ ना!"

हे इतक्या जोरात होतं की रस्त्यावरचा ऑटोवाला आत डोकावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काकांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं आणि मग माझाही तोल सुटला. का सुटू नये? माझा रविवार होता तो!

"सारी दुनिया फास्ट करून राहिली अन् तुम्हाला स्लो पाहिजे! काहून? एकदा सांगा तरी!"

काका डबा पोटाशी धरून उभे राहिले. मग तसंच रागानं म्हणाले, "तुझी काकू येत नाही आता."

मला काही कळेना. मग हळूहळू, माझ्यावरच ओरडत, त्यांनी सगळं सांगितलं. शैलाकाकूंना कानाचा विकार आहे, चक्कर येते. निवृत्तीनंतर विमानानं फिरायचं दोघांनी ठरवलं होतं, ते राहिलं. पडद्यावर हलणारं विमानसुद्धा त्यांना सोसत नाही. थांबलेलं चित्र तेवढं चालतं. म्हणून गेम लोड होईपर्यंत त्या चहा घेऊन शेजारी बसायच्या, "आज कुठं?" म्हणून विचारायच्या आणि विमान हलायच्या आत उठून जायच्या. आता हात पुसत येईपर्यंत धावपट्टी सुरू झालेली असते. त्या दारातूनच परत फिरतात.

  मी पुन्हा दुकानात गेलो, डब्यातच पडून राहिलेली जुनी डिस्क परत जोडायला सांगितली आणि तो गेम तेवढा तिच्यावर टाकून घेतला. दुकानदारानं आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं असणार.

संध्याकाळी भिंतीवर थाप पडली. गेलो, तर गेम आरामात लोड होत होता. चित्रात आमचीच गल्ली, इमारतीच्या फाटकाला शिडी लावून उभं असलेलं विमान आणि शिडीवर हिरव्या साडीतल्या शैलाकाकू.

खऱ्या काकू चहा घेऊन आल्या, काकांच्या शेजारी बसल्या आणि चष्मा लावला.

"आज कुठं?"

"श्रीनगर." काका ताठ बसले होते, अगदी तपासणीला माल घेऊन आलेल्या नवख्या कामगारासारखे.

"सावली बरोबर आहे. पण माझी पर्स? बिना पर्सची मी श्रीनगरला जाऊन राहिले? रिजेक्ट!"

"उद्या लावतो," काका म्हणाले. एवढंच. त्यांना कुणाचा शेरा निमूट ऐकताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

धावपट्टी दिसायला लागली. काकू कप घेऊन आत गेल्या. काकांचा हात गेम बंद करायला वळला.

"काका, आलंच आहे समोर, तर एकदा उडवून बघा ना," मी म्हटलं.

ते माझ्यावर खेकसले, "एकटाच काहून जाऊ?"